खतीबचाचांची भीती

खतीबचाचा भित्रे होते. हे मी पहिल्या ओळीतच लिहून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला येऊन सांगायला नको. मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. कुत्र्यांना भ्यायचे, विजेला भ्यायचे, हायवे ओलांडायला भ्यायचे. आणि सगळ्यांत जास्त भ्यायचे ते शब्दांना. मी चौथीत शाळा सोडली, सारा जन्म कळंबच्या होड्यांना बर्फ पोचवणारा टेंपो चालवला, मला शब्दांची भीती कशी असते ते कळायचं नाही. मी म्हणायचो, शब्द म्हणजे काय, तोंडाची वाफ. पुढे एक आठवडा असा आला की मलाही ती भीती कळली.

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, कळंबकडे जाणाऱ्या रस्त्याच्या खाली खाडीच्या अंगाला आमचा मोहल्ला. तिथली जुनी मशीद ती खालची. रस्त्यावर बिल्डिंगी झाल्या, नवी वस्ती आली, त्यांनी बांधली ती वरची. खालच्या मशिदीत जुम्म्याचा खुतबा वाचायचा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजीआधी मिंबरवर, पायऱ्यांच्या व्यासपीठावर, उभं राहून बोलायचं, आणि मोहल्ल्याचे निकाह लावायचे, हे काम खतीबांच्या घराण्यात बापाकडून मुलाकडे येत गेलेलं. चाचांच्या बापाचा आवाज खाडीपलीकडे जायचा म्हणतात. चाचांचा तिसऱ्या सफेत, नमाजींच्या तिसऱ्या ओळीत, पोचेपर्यंत दमायचा.

दिसायला बारीक, काडीसारखे. दाढी विरळ. कुठेही निघाले की हातात छत्री, ऊन असो नसो. ती कुत्र्यांसाठी. पण छत्री उगारलेली मी कधी पाहिली नाही. कुत्रं दिसलं की चाचा छत्री उघडून तिच्यामागे लपायचे आणि भिंतीला घासत घासत पुढे सरकायचे.

एकदा बोळिंजला आमच्या सकीनाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या नव्या घरी दुवा करायला मी त्यांना नेलं. सातवा मजला. लिफ्टचं दार उघडलं तसे चाचा मागे सरले.

"दाऊद, तू वर जा. मी जिन्यानं येतो."

"चाचा, सात माळे हायत."

"असूंदे. पेटीत बंद होऊन जायाचाच हाय एक दिवस. आतापास्नं सवय कशाला?"

वर आले तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. पोरीनं पाणी दिलं, पंखा लावला. अर्धा घंटा बसले तेव्हा दुवा झाली. जावई आतल्या खोलीत जाऊन हसून आला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

दीनची, म्हणजे धर्माची, गोष्ट विचारायला कुणी गेलं की त्यांची एक रीत होती. आधी बसवायचे. मग पाणी द्यायचे. समोरचा पिऊन होईपर्यंत गप्प. मग स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरून विचार करायचे, आणि बहुतेक वेळा सांगायचे, "हे वजन माझ्यानं उचलत नाय रे. दुसरा काय असेल तर इचार." रोजा, नमाज, वारसा, असलं विचारलं तर सांगायचे. पण अमका माणूस मुसलमान आहे की नाही, तमक्याचं ईमान खरं की खोटं, असलं विचारलं की पाळी लाल होईपर्यंत दाबायचे आणि वजन उचलत नाही म्हणायचे. जवान मंडळी त्यांना मागून 'हमाल' म्हणायची. चाचांना कळलं तेव्हा म्हणाले, "हमाल बरा. तो उचलतो तरी."

भांडण सुरू झालं ते खिरीवरून. आमच्याकडे कुणी गेलं की जुमेरातीला, गुरुवारी, त्याच्या नावानं खीर किंवा पुलाव करून त्यावर कुराणातली फातिहा वाचायची पद्धत. वरच्या मशिदीचे इमाम म्हणाले, ही बिदअत आहे. बिदअत म्हणजे दीनमध्ये मागाहून घुसडलेली गोष्ट. आमचे लोक म्हणाले, मागाहून आलेलं सगळंच वाईट नसतं, चांगली बिदअत असते आणि वाईट असते. ते म्हणाले, चांगली बिदअत असं काही नसतंच. नाक्यावर चहाच्या टपरीवर दोन बाकडी होती, एका बाकड्यावर वरचे बसायला लागले, एकावर खालचे. कादर मेकॅनिक म्हणायचा, "खीर खाताना ह्यांचा इमाम वाटी पुढं करतो, आनि वाटी रिकामी झाली का बिदअत!" वरचे म्हणायचे, "अरे खीर हराम नाय, त्यावर तुम्ही काय वाचता ते बघा." तेवढ्यावर राहिलं असतं तर मजाच होती.

पण शब्द वाढायला लागला. बिदअतचं शिर्क झालं. शिर्क म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला बसवणं, ह्याहून मोठा गुन्हा आमच्यात नाही. वरून कुणीतरी म्हणालं, पीराच्या दर्ग्यावर जाणारे शिर्क करतात. आमच्या मशिदीच्या कमिटीचं रक्त तापलं. खतीबचाचांना सांगितलं, जुम्म्याला जवाब द्या. चाचांनी जुम्म्याला पाण्याची नासाडी करू नये यावर खुतबा दिला. नमाजीआधी हातपाय धुवायला, वझूला, बसलं की नळ किती सोडायचा, त्यावर.

मग कमिटीनं बाहेरून नवे मौलाना आणले, जवाब द्यायला. जवान माणूस, शिकलेला, आवाज खणखणीत. दोन लहान लेकरं, बायको सदा आजारी. माणूस वाईट नव्हता, हे मला आज कबूल करावं लागतं, तेव्हा केलं नसतं. नमाज ते पढवायला लागले, चाचांकडे जुम्म्याचा खुतबा आणि निकाह तेवढे राहिले. मौलानांनी पहिल्या महिन्यातच सांगितलं, आपल्या बुजुर्गांना मुश्रिक, शिर्क करणारे, म्हणणारे स्वतःच कुफ्रमध्ये गेले, म्हणजे दीनच्या बाहेर पडले. आणि त्यांना बाहेरचं न मानणाराही बाहेर.

मी चाचांना म्हटलं, "चाचा, हा शब्द तरी खरा काय?"

"कुफ्रचे अर्थ खूप सांगितलेत रे, दाऊद. कुनी छोटा सांगितलाय, नाशुक्रीएवढा, उपकार इसरण्याएवढा. कुनी एवढा मोठा सांगितलाय का मानूस त्यातनं वर येतच नाय. मौलाना मोठा घेतात."

"आनि तुमी?"

"मी घरी जातो," म्हणाले, आणि छत्री घेऊन गेले खरेच.

त्याच हिवाळ्यात उस्मान टेलर गेला. उस्मान यूपीकडचा, मोहल्ल्यात येऊन म्हातारा झालेला. नमाज वरच्या मशिदीत पढायचा, पण कपडे दोन्हीकडचे शिवायचा. ईदच्या आधी त्याच्या दुकानात वरच्यांचे आणि खालच्यांचे कुर्ते एकाच दोरीवर लटकलेले असायचे. त्याचं जवळचं कुणी नव्हतं. गुसल द्यायला, मय्यतीला शेवटची अंघोळ घालायला, चाचा गेले. मेलेल्या माणसाची भीती त्यांना कशी वाटत नव्हती कोण जाणे. जनाजाची नमाज वरच्या इमामांनी पढवली, आणि खालचे आम्ही बरेच जण त्यांच्यामागे सफेत उभे राहिलो. चाचा पहिल्या सफेत. उस्माननं माझ्या सकीनाच्या लग्नाचा जोडा शिवला होता, मी उभा राहणार नाही तर काय करणार?

पुढच्या शुक्रवारी नमाज झाल्यावर मौलाना उठले. कुठल्या तरी गावच्या मुफ्तींचा फतवा मोबाइलवर आला होता, तो त्यांनी वाचला. जे काफिराला मुसलमान समजून त्याच्या जनाजाला उभे राहिले त्यांचं ईमान गेलं, आणि ईमान गेलं तसा निकाहही तुटला. त्यांनी कलमा नव्यानं पढावा, निकाह नव्यानं लावावा. तोपर्यंत बायको त्यांना हराम.

मी घरी येण्याआधी बातमी घरी आली होती.

माझी बायको जैबून. तेव्हा तिच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलेलं, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात, तारीख मिळालेली. मी आत पाऊल टाकलं तसा तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. चाळीसच्या वर वर्षं जिनं माझ्यासमोर कधी पदर ओढला नव्हता. तिची गादी स्वयंपाकघरात गेलेली. जेवणाचं ताट तिनं उंबऱ्यावर ठेवलं आणि मागे सरली.

"जैबू, ह्यो काय तमाशा?"

"तमाशा नाय. तुमी मला परके झालात. निकाह लावा, मंग बोला."

"मी नाय लावनार. आपला निकाह चाचांच्या बापानं लावलाय. आता परत लावायचा म्हंजे उस्मान काफिर होता असा कबूल करायचा. मेलेल्या मानसाला काफिर म्हनून मी बायको परत घेनार नाय."

"तुमची मान ताठ," ती म्हणाली. "माझी मान टेबलावर जायाची हाय. तिथनं उठले नाय तर मी कोनाची बायको म्हनून जाऊ?"

मी रागावून बाहेर पडलो. राग म्हणतो, पण ती भीती होती. रात्रभर स्वयंपाकघरातून तिचा श्वास ऐकू यायचा, वर चढताना अडकल्यासारखा, आणि मला उठून तिच्या पाठीवर हात ठेवायची मनाई. कुणी दारावर पहारा ठेवला नव्हता. एका शब्दानं मनाई केली होती. तोंडाची वाफ म्हणायचो ना मी.

मोहल्ल्यात घरोघर हेच. कमिटीनं मदरशाच्या हॉलमध्ये सतरंजी घातली, मौलाना बसले, जोडपी येऊ लागली. नातवंडं झालेली जोडपी. काही हसत आले. कादर मेकॅनिकची बायको हलीमा, तिला विचारलं, कबूल आहे? तर म्हणाली, "पयल्या बारीला कोनी ईचारला नव्हता. आता ईचारताय तर जरा ईचार करून सांगते." कादरचं तोंड पाहण्यासारखं झालं. सगळे हसले, पण नंतर कबूल न म्हणताच बाहेर येऊन तीच हलीमा भिंतीला टेकून रडली.

चाचांकडे कमिटीचे दोघं गेले. म्हणाले, तुम्ही पहिल्या सफेत होतात, तुम्ही सगळ्यांच्या आधी यायला पाहिजे. कलमा पढा, निकाह नवा करा, नाहीतर मिंबर सोडा. चाचांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. ते दोघं गेल्यावर मी पोचलो तेव्हा चाचा पायरीवर बसले होते.

"दाऊद, माझी तर कबरीत हाय," म्हणाले. "तिला उठवून ईचारू काय रे, कबूल हाय का म्हनून?"

मला हसू आलं नाही. त्यांच्या हातात छत्री होती, उघडी, आणि कुत्रं कुठेच नव्हतं.

मी त्यांना म्हटलं, "चाचा, माझ्या घरी चला. जैबू कोनाचा ऐकत नाय. तुमचा ऐकेल." मला वाटलं येणार नाहीत. कान धरतील, वजन उचलत नाही म्हणतील, आणि मी त्यांना चार गोष्टी सुनावून परत येईन. मी तयारीनं गेलो होतो. पण ते उठले.

जैबूननं त्यांना खुर्ची दिली, स्वतः स्वयंपाकघराच्या दारात खाली बसली. मी ओटीवर. ह्या वेळी पाणी तिनं आणलं होतं. चाचांनी पेला घेतला पण प्यायले नाहीत.

"चाचा," ती म्हणाली, "माझी तारीख आलीय. मला फार नका सांगू. एवढाच सांगा, मी ह्यांची बायको हाय का नाय?"

चाचांनी कानाची पाळी धरली. मी त्यांच्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत होतो. ते आलं नाही. त्यांच्या दुसऱ्या हातातला पेला कलला, पाणी कुर्त्यावर सांडलं, तरी त्यांनी तो खाली ठेवला नाही.

"हायस," ते म्हणाले.

"नक्की?"

"तू दाऊदची बायको हायस. जनाजाच्या आदी होतीस, जनाजाच्या टायमाला होतीस, आज हायस."

"आनि तुमचा चुकला असला तर?"

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली.

"तर तुला कोन ईचारनार नाय, बेटी. तिथं वर कोनी ईचारलाच तर माझा नाव सांग. खतीबनं सांगितला म्हन. बापाचा नाव पन सांग माझ्या, म्हंजे दुसरा कोन खतीब नको सापडायला. ह्या गोष्टीचा जवाब माझ्या मानेवर."

तिनं पदर मागे सारला. माझ्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर मला काय करावं कळलं नसतं. उठली, आणि त्यांच्या हातातला पेला काढून घेऊन भरून आणला.

निघताना चाचा म्हणाले, "दाऊद, वळनापर्यंत चल सोबत. तिथं ती काळी कुत्री बसलेली असते." मी गेलो. वळणावर मी विचारलं, "चाचा, किताबात असाच लिवलाय ना, तुमी सांगितला तसा?"

"किताबात बऱ्याच जणांनी लिवलाय. माझ्या बाजूनं लिवनारे हायत, त्यांच्या बाजूनं लिवनारे पन हायत. मला माझ्या बाजूचा बरोबर वाटतो. खात्री..." ते थांबले. "खात्री अल्लाहला. मला भीती वाटते रे, दाऊद."

"मंग एवढा ठासून कशाला सांगितला?"

"ती मरनाची तयारी करून बसलीय. तिला अशी कोनाची कोन नाय म्हनून कशी धाडू?"

मी त्यांना विचारलं, मौलानांचा राग येत नाही का. म्हणाले, "त्याला पन भीती वाटते. त्याला वाटते, तो गप राहिला तर सगल्यांच्या गुन्ह्यांचा हिशोब त्याच्याकडं मागतील. मला वाटते, मी बोललो तर माझ्याकडं मागतील. आमी दोघं एकाच दारात उभे हाव."

कुत्री गेल्यावर मला वाटलं ते घरी जातील. ते घरी गेले नाहीत. समोरच्या गल्लीत हलीमाच्या दारावर त्यांनी छत्रीची मूठ आपटली. मग त्याच्या पुढच्या दारावर. जिथं जिथं कुणी बाई गादी वेगळी घालून बसली होती तिथं तिथं गेले, पाणी मागितलं, आणि तेच सांगून आले, मानेवर घेऊन. कुणी दार लावून घेतलं, कुणी शिव्या दिल्या. एका घरातून कुणीतरी 'हमाल आला रे' ओरडलं. संध्याकाळी त्यांना ताप भरला.

जैबूनचं ऑपरेशन झालं. मी तिच्याजवळ बसलो, शुद्धीवर आल्यावर तिनं माझा हात धरला आणि पहिलं वाक्य बोलली ते गॅस बंद केला होता का. आज ती माझ्यावर ओरडण्याइतकी धडधाकट आहे. पण खोटं लिहिणार नाही, अजूनही कधी कपड्यांच्या घड्या करता करता हात थांबतो तिचा. विचारते, "चाचानं सांगितला होता ना? हायस असाच म्हनाला होता ना?" मी म्हणतो, हो. मग घडी पुरी करते.

चाचांचं मिंबर गेलं. मोठा तमाशा झाला नाही, कमिटीनं सांगितलं आणि त्यांनी मान हलवली. मी मात्र शपथ घेतली, ते मौलाना आहेत तोवर खालच्या मशिदीत नमाज पढणार नाही. मला वाटलं चाचाही वरच्या मशिदीत जातील, वरचे बोलवायला आले होते. चाचा म्हणाले, "तिकडं गेलो तर तिकडचा झालो. मी कुठं जाऊ? माझी जागा खालीच हाय, फक्त मागं सरकलीय."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते एका शुक्रवारी. थोड्याच दिवसांत त्यांची मुलगी त्यांना रत्नागिरीकडे घेऊन गेली आणि ते तिकडेच वारले. मला माती द्यायला पोचता आलं नाही. त्या शुक्रवारी मी त्यांना कुत्र्यांमुळे मशिदीपर्यंत सोडायला गेलो होतो, आणि शपथ होती म्हणून बाहेर पायरीवर बसलो. दार उघडं होतं. मिंबरवर मौलाना, नमाजीला तेच पुढे. चाचा शेवटच्या सफेत जाऊन उभे राहिले, ज्यानं त्यांना दीनच्या बाहेर काढलं त्याच्याच मागे.

आमच्यात सफेत मधे जागा सोडत नाहीत, खांद्याला खांदा लागायला हवा. चाचांच्या उजवीकडे कमिटीतला एक जवान होता, गॅरेजवाला, तगडा. चाचा येऊन उभे राहिले तसा तो एक पाऊल बाजूला सरला. मधे फट पडली. चाचांनी फटीकडे बघितलं. मला वाटलं आता मागे फिरतील, माझ्याकडे येतील. मी उठायलाही लागलो.

चाचा एक पाऊल उजवीकडे सरकले. खांदा लागला. गॅरेजवाला परत सरला. चाचा परत सरकले, छत्री दाराशी ठेवून रिकामा झालेला हात पोटाशी धरून. तो आणखी सरला. पुढे भिंत आली. मौलानांनी तकबीर म्हटली, अल्लाहु अकबर, सगळ्यांचे हात कानापर्यंत वर गेले, आणि चाचा त्या तगड्या खांद्याला आपला काडीसारखा खांदा लावून, थरथरत, उभे राहिले.